नदीच्या पाठीवरून

"वृंदा, चाक गेलं."

शौकतभाईंचा आवाज नेहमीसारखाच होता. बाजारात जाताना पिशवी घरी राहिली, असं सांगावं तसा. मी यानाच्या खिडकीपाशी तरंगत होते आणि खाली मंगळाची सकाळ सरकत होती.

"गेलं म्हणजे?"

"म्हणजे निखळलं. आस मोडलाय. वाळूखाली दगड होता, दिसला नाही. गाडी आता इथंच राहणार."

"तुम्हाला लागलं का?"

"नाही. पण इंदूताईंना माझा आवाज जात नाहीये, मधे टेकड्या आहेत. तू सांग त्यांना. आणि मला वाट सांग. चालतच यावं लागणार."

मी घड्याळ लावलं. त्यांच्या डोक्यावरून मी दोन तासांतून एकदा जायचे आणि जेमतेम अकरा मिनिटं त्यांच्या क्षितिजाच्या वर असायचे. त्यातली दोन संपली होती.

आम्ही तिघं होतो त्या मोहिमेत. इंदुमती खरात आमच्या प्रमुख, बोलणं मोजकं. शौकत बारगीर भूशास्त्रज्ञ, मिरजेचे, पन्नाशीला टेकलेले. आणि मी वृंदा सोनवणे, मनमाडची, वैमानिक. ते दोघं उतरयानातून खाली गेले होते. मी वर राहिले होते, कारण कुणीतरी वर राहावं लागतं. एकोणीस दिवस मी त्या ग्रहाभोवती एकटी फिरत होते. प्रत्येक फेरीत अकरा मिनिटं माणसं, उरलेला सगळा वेळ पंख्यांची घरघर. पृथ्वीवर एक वाक्य पोचायला अठरा मिनिटं लागायची आणि उत्तर यायला तितकीच. त्यामुळं तिथल्या लोकांशी बोलणं म्हणजे पत्रव्यवहारच होता. कितीदा तरी मी एखादी गंमत सांगायची आणि उत्तर येईपर्यंत ती मीच विसरलेली असायची.

खालचा प्रदेश मात्र मला पाठ झाला होता. सपाट माथ्याच्या टेकड्या, वाऱ्यानं कोट्यवधी वर्षं कुरतडून उरलेल्या. बाजू कड्यासारख्या तुटलेल्या, पायथ्याशी दगडांचे ढीग. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघींना मी अंकाई-टंकाई म्हणायचे, कारण मनमाडला आमच्या गच्चीवरून दिसणारी जोडी अगदी तशीच आहे. मग शौकतभाईंनी तिसरीला, त्यांच्या मिरजेजवळच्या डोंगरावरून, दंडोबा म्हणायला सुरुवात केली. इंदूताईंनी हरकत घेतली नाही, फक्त अहवालात आकडे लिहा म्हणाल्या.

"हवा किती आहे?" मी विचारलं.

"सहा तास. थोडी वर."

गाडी ज्या वाटेनं गेली होती ती टेकड्यांना मोठा वळसा घालून जाणारी, सव्वीस किलोमीटरची. ती पायी होणं शक्य नव्हतं. सरळ आलं तर अकरा, पण सरळ वाटेवर टेकड्यांची दाटी आणि पश्चिमेच्या बाजूला मऊ वाळू, पाय घोट्यापर्यंत रुतणारी. त्या दिवशी हवेत धूळ होती. सकाळपासून काढलेली छायाचित्रं दुधात बुडवल्यासारखी दिसत होती. मी ती बाजूला सारली आणि आदल्या दिवशीची उघडली.

तिथं मला नदी दिसली. म्हणजे कधीकाळी वाहिलेल्या नदीचं पात्र. टेकड्यांच्या पूर्वेकडून वळणं घेत दक्षिणेला गेलेलं, थेट उतरयानाच्या जवळ. पूर्वेची कड काळीभोर, पश्चिमेची उजळ. सकाळचं ऊन पूर्वेकडून येतं, पूर्वेच्या काठाची सावली आत पडते. खोल, रुंद, सपाट तळाचं पात्र. चालायला रस्ताच.

"शौकतभाई, पूर्वेला चाला. चार किलोमीटरवर नदीचं पात्र लागेल. ते धरून दक्षिणेला या. ते इंदूताईंपर्यंत जातं."

"पात्र? इथं?" त्यांचा आवाज लगेच बदलला. मोडलेला आस ते विसरले असावेत. "नकाशात नव्हतं गं."

"उंचीचा नकाशा या भागात ढोबळ आहे. छायाचित्रात स्पष्ट दिसतंय."

"मग चाललोच."

इंदूताई लाइनवर आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वृंदा, खात्री आहे?"

"आहे."

"ठीक. पुढच्या फेरीत बोलू."

मग आवाज विरत गेला आणि मी ग्रहाच्या पलीकडच्या बाजूला गेले.

पात्रात उतरायला सोपी जागा कुठं आहे ते शोधून ठेवावं, म्हणजे पुढच्या फेरीत शौकतभाईंना नेमकं सांगता येईल, असं मी ठरवलं. त्यासाठी काठाची उंची हवी होती. सावलीच्या लांबीवरून उंची काढता येते, पण सूर्य किती वर होता ते माहीत पाहिजे. मी छायाचित्राची वेळ बघितली.

दुपारचे साडेतीन.

मी ती पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा.

दुपारी ऊन पश्चिमेकडून येतं. पश्चिमेची कड उजळलेली आणि पूर्वेला सावली, म्हणजे ते आत गेलेलं नव्हतं. बाहेर आलेलं होतं. मी पडद्याकडं बघत राहिले आणि डोळ्यांसमोर तो खड्डा हळूहळू वर आला. एकदा वर आल्यावर पुन्हा खाली जाईना. ती पस्तीस मीटर उंचीची भिंत होती, कित्येक किलोमीटर लांब, आणि मी एका माणसाला मोजक्या हवेवर तिच्याकडं चालत पाठवलं होतं.

मी त्यांना हाका मारल्या. काही उपयोग नाही हे माहीत असूनही मारल्या. खाली तेव्हा ग्रहाची दुसरी बाजू होती, तिथं कुणी नव्हतं. पृथ्वीला कळवण्यासाठी मी टंकायला घेतलं, 'मार्ग सांगताना माझी चूक झाली आहे', आणि थांबले. ते वाचून तिथले लोक काय करणार होते? छत्तीस मिनिटांनी मला काळजी घ्या म्हणाले असते. मी ते पुसून टाकलं. निदान स्वतःला मी तसं सांगितलं, की उपयोग नाही म्हणून पुसलं.

मग मी खिंड शोधली. ती होती. जिथं शौकतभाई भिंतीपाशी पोचणार होते तिथून उत्तरेला, म्हणजे थोडं मागं, चारशे मीटरवर भिंतीची सावली तुटलेली होती. चांगली रुंद जागा, उतार सौम्य. तिथून पलीकडं गेलं की दक्षिणेपर्यंत मोकळं मैदान. मी कागदावर लिहून काढलं: माझी चूक झाली. ती नदी खोल नाही, उंच आहे. उत्तरेला चारशे मीटर जा. खिंड आहे. चार वाक्यं, दहा सेकंदांत सांगून होतील अशी. उरलेला वेळ मी ती मोठ्यानं म्हणत बसले. त्या एवढ्याशा डब्यात माझा आवाज मलाच परका वाटत होता. आईशी बोलावं असं फार वाटलं. तिला यातलं काही कळलं नसतं, पण तिनं आधी जेवलीस का विचारलं असतं.

क्षितिजावर दंडोबा आला, मग अंकाई-टंकाई. मी बटण दाबलं आणि तोंड उघडणार तेवढ्यात तेच बोलायला लागले.

"वृंदा! अगं हुशार पोरी!"

ते हसत होते. धाप लागलेली, तरी हसत होते.

"शौकतभाई, ऐका..."

"तू आधी माझं ऐक. नदी म्हणालीस तेव्हा मला वाटलं खोलगट असेल. येऊन बघतो तर समोर भिंत! पाच मिनिटं तुला शिव्या घातल्या, माफ कर. मग जवळ आलो. गोल गोटे आहेत गं हिच्यात. पाण्यानं घासलेले, एकमेकांना चिकटून दगड झालेले. नदीचा तळ आहे हा! तळ घट्ट झाला, काठ मऊ होते ते वाऱ्यानं नेले. काठ गेले आणि नदी उभी राहिली. वीस वर्षं हे मी पोरांना शिकवतोय, आणि आज हात लावून बघतोय."

"शौकतभाई..."

"आणि तू मला इथं मुद्दाम पाठवलंस, हो ना? मला आत्ता लक्षात आलं. वर चढलो की इंदूताईंपर्यंत सरळ आवाज जाईल. मैदानातून गेलो असतो तर मधल्या उंचवट्यांनी अडवला असता. मग आवाजाचा माग धरून त्या मला भेटायला निघू शकतील, हवेचं नळकांडं घेऊन. हाच विचार केलास ना तू?"

कागद माझ्या हातात होता.

"हो," मी म्हणाले.

"मग? उगाच नाही म्हणत मी हुशार."

इंदूताईंचा आवाज मधे आला. "वृंदा, चढण कशी आहे? दुसरी बरी वाट नाही ना जवळपास?"

मला आठवतं, तेव्हा सहा मिनिटं शिल्लक होती. वेळ नव्हता असं मी कधी म्हणू शकणार नाही.

"हीच बरी आहे," मी म्हणाले. "रेडिओसाठी."

"ठीक. शौकत, सावकाश चढा. आवाज लागला की मी निघते."

"चढतो. वृंदा, वरून बघ हं माझ्याकडं."

वरून माणूस दिसत नाही. हे त्यांनाही माहीत होतं.

पुढच्या दोन तासांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी एका जागी तरंगत राहिले. ग्रहाच्या रात्रीच्या बाजूला खाली काळोख असतो, एकही दिवा नसतो, आणि मी काचेला कपाळ लावून त्यात बघत होते. कागद मी बारीक फाडला. तुकडे हवेत फिरायला लागले, मग ते एकेक गोळा करत बसले. मोजलेही असतील, आठवत नाही.

तिसऱ्या फेरीत आवाज लागले तेव्हा ते दोघं एकमेकांशी बोलत होते.

"...अजून अर्धा किलोमीटर, शौकत. मला तुम्ही दिसताय. कडेनं नका चालू."

"पाय कळत नाहीये मला, ताई."

"कळायची गरज नाही. टाकत राहा."

चढताना दगड सुटून ते सात-आठ मीटर खाली घसरले होते. डाव्या बुटाचा बाहेरचा थर फाटला आणि आतल्या उबेच्या तारा तुटल्या. हवा गळत नव्हती, म्हणून ते परत चढले, माथ्यावर पोचले, आणि तिथं उभं राहताच इंदूताईंना त्यांचा आवाज गेला. त्या हवेचं नळकांडं पाठीवर बांधून निघाल्या. माझी वेळ संपत आली तेव्हा त्या दोघांमध्ये शंभर पावलं उरली होती. ते भेटले की नाही हे कळायला मला आणखी एक पूर्ण फेरी मारावी लागली.

ते भेटले होते.

शौकतभाईंच्या डाव्या पायाची चार बोटं परतीच्या प्रवासातच गेली. पृथ्वीवर आल्यावर निम्मं पाऊल काढावं लागलं. आठ महिन्यांच्या त्या प्रवासात ते पट्ट्यानं बांधलेल्या अवस्थेत माझ्या शेजारी असायचे आणि मला त्या गोट्यांबद्दल सांगायचे. एकदा म्हणाले, "तू नसतीस तर मी त्या वाळूत झोपलो असतो." मी त्यांच्या पायाची पट्टी बदलत होते. मी मान खाली ठेवली.

अहवालात लिहिलं गेलं की वैमानिकानं संपर्काचा विचार करून मार्ग निवडला. कुणी छायाचित्राची वेळ तपासली नाही, तपासायचं कारणच नव्हतं, माणूस जिवंत परत आला होता. मला सन्मान मिळाला. प्रत्येक मुलाखतीत शौकतभाई माझं नाव घ्यायचे. त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, मी गेले नाही. ईदला त्यांचा फोन यायचा, मी नंतर दोन ओळींचा निरोप पाठवायचे. पुढं मी उड्डाण सोडलं आणि नवीन वैमानिकांना शिकवायला लागले. घरात मी एकटीच असते. एकटेपणाची तक्रार करावी असं मला कधी वाटलं नाही, कारण माझ्याशी बोलायला बसलेला प्रत्येक माणूस कधी ना कधी तो प्रसंग काढायचा.

अकरा वर्षांनी प्रशिक्षणाच्या पुस्तकात त्या दिवसावर एक प्रकरण घालायचं ठरलं. मसुदा सहीसाठी माझ्याकडं आला. शीर्षक होतं, 'वरून पाहणाऱ्याचा निर्णय'. मी तो तीन दिवस टेबलावर ठेवला. चौथ्या दिवशी मिरजेची गाडी पकडली.

शौकतभाई घराला लागून असलेल्या भावाच्या दुकानासमोर ओट्यावर बसले होते. भाऊ सतारी बनवतो. भिंतीवर वाळलेले भोपळे टांगलेले, आतून लाकूड तासण्याचा आवाज येत होता. शौकतभाईंचे केस पार पांढरे झाले होते. मला बघून ते काठी टेकून उठायला लागले.

"उठू नका."

"अकरा वर्षांनी येतेस आणि उठू नका म्हणतेस! नसीम, बघ कोण आलंय!"

नसीमवहिनी बाहेर आल्या, त्यांनी माझा हात हातात घेतला आणि चहा टाकायला आत गेल्या. मी बसले. चहा येईपर्यंत थांबले असते तर पुन्हा राहून गेलं असतं, म्हणून लगेच बोलायला लागले. छायाचित्राची वेळ सांगितली. ऊन कुठल्या बाजूनं होतं ते सांगितलं. त्यांना पुढचं समजावून द्यावं लागलं नाही. माझं वाक्य संपायच्या आधी त्यांचा चेहरा बदलला.

"म्हणजे तुला तो खड्डाच वाटला होता."

"हो. दुसऱ्या फेरीच्या आधी कळलं होतं मला. तुम्हाला सांगायला मी कागदावर लिहून ठेवलं होतं. उत्तरेला चारशे मीटरवर खिंड होती."

"चारशे मीटर?"

"हो."

"उतार?"

"सोपा होता."

आत तासणं थांबलं होतं. त्यांनी पायाकडं बघितलं नाही. मी बघितलं.

"मी विचारलं होतं तुला," ते म्हणाले. "मुद्दाम पाठवलंस ना, असं."

"हो."

"खिंडीतून गेलो असतो तर इंदूताईंना आवाज गेला नसता कदाचित."

"कदाचित. मी किती वेळा हिशेब मांडला, शौकतभाई. कधी जातो, कधी जात नाही."

"पण पाय धड असता तर त्यांची गरजही लागली नसती कदाचित."

ते समोरच्या रस्त्याकडं बघत होते. एक सायकलवाला त्यांना सलाम करून गेला, त्यांना तो दिसला नाही.

"पाऊल गेल्याचं मी कधी मनाला लावून घेतलं नाही," ते शेवटी म्हणाले. "मला वाटायचं, आम्ही तिघांनी मिळून ते केलं. तू वरून विचार केलास, मी चढलो, ताई धावल्या. शाळांमधून सांगत फिरलो मी. नातीला झोपवताना सांगतो, वृंदाआत्यानं आजोबांना नदीच्या पाठीवरून घरी आणलं." ते माझ्याकडं वळले. "अकरा वर्षं मी खोटं बोलतोय, वृंदा. आणि मला ते माहीतही नव्हतं."

तोवर मला वाटत होतं की मी त्यांचं पाऊल घेतलं. ते माझ्याकडून काय मागतील, ओरडतील का, माफ करतील का, याचा मी गाडीत बसून विचार केला होता. हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

"शौकतभाई, मला..."

"आत्ता नको. आत्ता काहीच बोलू नकोस. तू जा."

मी उठले. पिशवी घेतली, चपला घातल्या. नसीमवहिनी चहाचे कप घेऊन दारात आल्या आणि आमच्या दोघांकडं बघत तिथंच थांबल्या.

"निघालात? मी भाकरी टाकणार होते."

मी पायरी उतरले. फाटकापाशी पोचले तेव्हा मागून काठी फरशीवर आपटल्याचा आवाज आला.

"आज नको टाकू, नसीम. ती उद्या येणार आहे."

मी वळून बघितलं. शौकतभाई पाठमोरेच होते.

"सकाळी दहाला ये," ते तसेच, मान न वळवता म्हणाले. "आणि ते छायाचित्र घेऊन ये. ती खिंड मला बघायचीय."